आठ जण, दोन गाईड, एक शिखर: मिश्र गटाच्या ट्रेकचा प्रकरण अभ्यास

मिश्र गटाचा ट्रेक फसला की खापर सहसा सगळ्यात हळू चालणाऱ्यावर फुटतं. घड्याळ घेऊन बसलं तर मात्र तो क्वचितच दोषी निघतो. वेळ खाल्लेला असतो सुट्या सुट्या थांब्यांनी, आणि गट विस्कटलेला असतो कारण कोण कशासाठी आलंय हे पायथ्याशी नीट विचारलेलंच नसतं. खालचं प्रकरण हेच तपासण्यासाठी आहे. माणसं आणि डोंगर नमुन्यादाखल बांधलेले आहेत, कुठल्या प्रत्यक्ष ट्रेकचं हे वृत्त नाही. यातले तिढे मात्र असे गट नेणाऱ्या कुठल्याही गाईडच्या ओळखीचे असतील.

वाट आणि माणसं

पायथा १४०० मीटरवर. तिथून ३.६ किमीची रुंद, मळलेली जंगलवाट २५० मीटर चढून पठारावर येते. पठारावरून सोंड धरायची: १.४ किमीत ३५० मीटर, म्हणजे सरासरी १४ अंशांचा चढ, वरच्या अर्ध्यात घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी सुटी माती आणि दगड. सोंड २००० मीटरवरच्या खिंडीत संपते. खिंडीतून उजवीकडे शिखराची धार, १.५ किमी आणि २५० मीटर चढ. या धारेवर साधारण ६० मीटर लांबीचा दृष्टिभयाचा टप्पा आहे. दोर लागत नाही, हाताला पकडी भरपूर आहेत, पण डावीकडची दरी थेट पायाखाली दिसते. खिंडीतून डावीकडे जवळपास सपाट अशी आडवी वाट जाते, १.२ किमीवर एका उघड्या टेपाडाशी संपते. तिथून पूर्वेची दरी मोकळी दिसते. शिखर करून परत यायचं तर १३ किमी चाल आणि ८५० मीटर चढ. अंदाज असा: सकाळ निरभ्र, दुपारी २ नंतर धारेवर ढग, विजांची शक्यता. सूर्यास्त सव्वासहाला.

अर्जावरच्या ‘उद्देश’ या रकान्यात आठही जणांनी ‘शिखर’ असंच लिहिलं होतं. हा रकाना असाच भरला जातो, त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नसतो. मुख्य गाईडनं आदल्या आठवड्यात प्रत्येकाला फोन केला तेव्हा चित्र वेगळं दिसलं. तिशीतले दोघे मित्र डोंगरी शर्यतीच्या तयारीत होते. त्यांना चढाचा सराव हवा होता आणि घड्याळावर चांगला आकडा. पंचेचाळिशीचे फोटोग्राफर दरीवरच्या तिरप्या उजेडासाठी येत होते, शिखराशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. काका ६१ वर्षांचे, उजवा गुडघा झिजलेला, रक्तदाबाची गोळी चालू, आणि शिखर हवंच. काकू ५८ वर्षांच्या. काका जिथे तिथे त्या. सत्तावीस वर्षांची एक तरुणी पहिल्यांदाच डोंगरात येत होती. शेवटी एक वडील आणि त्यांची १४ वर्षांची मुलगी. वडिलांना मुलीनं शिखर गाठलेलं पाहायचं होतं. मुलीशी वेगळं बोलल्यावर ती म्हणाली, “बाबा म्हणाले म्हणून येतेय.”

म्हणजे शिखर मनापासून हवं असलेले फार तर चार जण. पुढचे सगळे निर्णय सोपे गेले ते या एका माहितीमुळे.

कागदावरचं गणित

चालीचा अंदाज बांधायला अजूनही स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा १८९२ मधला नियम वापरतात. मूळ मैल-फुटांचा, मीटरमध्ये साधारण असा: सपाटीवर तासाला ५ किमी, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. त्या हिशेबानं इथलं शिखर पावणेतीन तासांत यावं. हा नियम सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसासाठी आहे. मिश्र गटासाठी मुख्य गाईडनं तासाला ४ किमी आणि ४०० मीटर चढ हे आकडे धरले. जंगलवाट दीड तास, सोंड सव्वा तास, धार एक तास: निव्वळ चाल पावणेचार तास. वरचा प्रवास संपेपर्यंत पाच थांब्यांना मिळून ४५ मिनिटं. साडेसहाला निघालं तर ११ ला शिखर.

उतरणीचं गणित अनेक जण गाळतात, किंवा ‘चढाच्या निम्मं’ असं ठोकून देतात. नेस्मिथच्या नियमाला एरिक लँगम्युअरनं केलेल्या दुरुस्तीप्रमाणे ५ ते १२ अंशांच्या उताराला दर ३०० मीटरमागे सपाटीच्या वेळेतून १० मिनिटं वजा करायची, १२ अंशांच्या वर गेलं की तेवढीच मिळवायची. इथली सोंड १४ अंशांची, म्हणजे ती उतरताना वेळ वाचत नाही, वाढतो. त्यात झिजलेला गुडघा. म्हणून उतरणीला पावणेतीन तास आणि वर थांब्यांची १५ मिनिटं धरली. शिखरावर अर्धा तास. दुपारी अडीचला पायथा.

दोन वेळा मात्र लवचीक नव्हत्या. विजांच्या अंदाजामुळे धारेवरचा शेवटचा माणूस दुपारी १ च्या आत खिंडीत परतलेला हवा. त्यावरून उलटं मोजून शिखरावरून परत फिरायची वेळ १२. शिखर दहा पावलांवर असलं तरी १२ ला पाठ फिरवायची. आदल्या संध्याकाळी ही वेळ सगळ्यांना कारणासकट सांगितली होती. डोंगरावर दमलेल्या माणसाला पहिल्यांदा ऐकवलेली वेळ म्हणजे भांडणाला निमंत्रण.

पठारापर्यंत

निघायलाच ६:५५ झाले. २५ मिनिटं गाड्या, स्वच्छतागृह आणि एका बुटाच्या सुटलेल्या तळव्यात गेली. तळवा पट्टीनं गुंडाळून, वर नाडीचे दोन फेरे मारून बांधला. अशा कामासाठी दुरुस्तीच्या पिशवीत रुंद चिकटपट्टी आणि दोन मीटर दोरी असतेच.

पहिल्या दोन तासांत दोन्ही गाईड सवयीप्रमाणे जागेवर होते, एक पुढे, एक शेवटी. मधले आठ जण हवं तसं चालत होते. धावपटू मुख्य गाईडच्या टाचेला टाच लावून, फोटोग्राफर मधेच बाजूला, काका-काकू मागे. शेवटचा माणूस पठारावर पोचला ८:५१ ला. या टप्प्याला वाटेतल्या थांब्यासकट ठरवलेला वेळ होता १ तास ३६ मिनिटं, लागले १ तास ५६. म्हणजे वाटेत वीस मिनिटांची घट.

मागच्या गाईडनं वहीत थांबे टिपले होते, म्हणून घट कुठे झाली ते कळलं. चाल मंद असल्यानं गेली सहा मिनिटं, फार नाही. अंगातले जाड कपडे काढायला तीन जण तीन वेगवेगळ्या ठिकाणी थांबले, तिथे मिळून आठ. फोटोसाठी दोन थांबे, चार मिनिटं. नाडी आणि पाणी, दोन. तेव्हा ज्यांच्याकडे सगळे वळून पाहत होते त्या काकांच्या वाट्याला वीसपैकी सहाच मिनिटं आली, तीसुद्धा त्यांच्या एकट्याची नव्हेत.

सुटे थांबे असेच महाग पडतात. आठ जण आपापल्या सोयीनं चार-चार मिनिटं थांबले तर गट बत्तीस मिनिटं थांबतो. सगळे एकदम थांबले तर दहा मिनिटांत कपडे, पाणी, खाणं, लघवी सगळं उरकतं. लांबलेल्या रांगेत आणखी एक अन्याय होतो. पुढचे थांब्यावर दहा मिनिटं बसून ताजे होतात, शेवटचा येऊन टेकतो तोच “चला” ऐकू येतं. सगळ्यात दमलेल्याला सगळ्यात कमी विश्रांती. थोड्या वेळानं तो आणखी मागे पडतो, आणि रांग रबरासारखी पुन्हा ताणली जाते.

पठारावर बदललेली मांडणी

८:५१ ला गणित असं होतं: काहीच न बदलता पुढे गेलं तर पावणेबाराला शिखर. बाराच्या आत, पण जेमतेम पंधरा मिनिटं हाताशी, आणि सोंडेचा घसारा अजून यायचा होता. गट इथेच तोडायचा मोह होऊ शकला असता. मुख्य गाईडनं तो टाळला. फोटोग्राफर आणि काकूंना खिंडीपर्यंत यायचंच होतं, आणि काकांचा गुडघा खड्या चढावर अजून पाहिलेला नव्हता. पुरेशी माहिती नसताना गट तोडला तर तो चुकीच्या जागी तुटतो.

बदल झाला तो रांगेत. मुख्य गाईडच्या लगेच मागे काका, मग काकू, मग पहिल्यांदा आलेली तरुणी, वडील आणि मुलगी, फोटोग्राफर, धावपटू, आणि शेवटी दुसरा गाईड. सगळ्यात हळू माणूस पुढच्या गाईडमागे असला की गाईडला त्याचा श्वास ऐकू येतो आणि वेग त्या श्वासावर ठरतो. वाक्य पुरं बोलता येतंय तोवर ठीक. तीन-चार शब्दांनंतर धाप लागली तर पाऊल आखूड करायचं, थांबायचं नाही. चढावर मागचा पाय क्षणभर सरळ ठेवून भार हाडांवर घ्यायचा आणि मगच पुढचं पाऊल. हे पाऊल दिसायला कंटाळवाणं असतं, पण तासभर न थांबता चालवतं.

थांब्यांचा नियम एका वाक्यात सांगितला: सोंडेवर एकच थांबा, मध्यावर, आणि त्याचं घड्याळ शेवटचा माणूस बसल्यावर सुरू होणार. फोटोग्राफरना स्पष्ट सांगितलं की सोंडेवर कॅमेरा आत, त्याबदल्यात वर सलग अर्धा तास एका जागी. त्यांनी ते हसत मान्य केलं, कारण सौदा त्यांच्या फायद्याचा होता.

काकांच्या सॅकमध्ये सात किलो ओझं निघालं, त्यात तीन लिटर पाणी. इथे शब्द जपून वापरावे लागतात. “काका, वर सगळ्यांना पाणी लागणार आहे, तुमच्याकडची दोन लिटरची पिशवी या दोघांकडे देऊ का?” असं विचारल्यावर त्यांनी एका मिनिटात दिली. “तुम्हाला झेपत नाहीये” म्हटलं असतं तर सॅक पाठीवरून उतरली नसती. धावपटूंना वजन हवंच होतं. गट बसलेला असताना त्यांना पठाराच्या कडेनं, नजरेच्या टप्प्यात, एक फेरीही पळू दिली. पुढे सोडलेल्या वेगवान माणसांचा खरा धोका फाट्यावर असतो. म्हणून नियम असा की ती मागे येऊन मिळतात, पुढे जाऊन थांबत नाहीत.

याच थांब्यावर एक गोष्ट उघड झाली, जी फोनवरच व्हायला हवी होती. काका मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, “नाडी बघा, एकशे आठ. मला काही झालेलं नाही.” गोळी कोणती ते विचारलं तेव्हा ती बीटा ब्लॉकर निघाली. हे औषध नाडीचा वेग दाबून धरतं, त्यामुळे श्रम कितीही झाले तरी आकडा कमीच दिसतो. अशा माणसाच्या बाबतीत घड्याळावर भरवसा ठेवायचा नाही. त्याऐवजी बोलण्याची चाचणी आणि गुन्नार बोर्गची श्रममोजणी, म्हणजे आपल्या श्रमाला आपणच आकडा द्यायची ६ ते २० ची पट्टी. दिवसभर चालायचं तर ११ ते १३, म्हणजे ‘हलकं’ ते ‘थोडं कठीण’. काकांनी स्वतःला १४ दिले.

गट ९:०५ ला निघाला आणि शेवटचा माणूस १०:२२ ला खिंडीत आला. १ तास १७ मिनिटं. मधला थांबा धरून कागदावर मांडलेल्या आकड्यापेक्षा दोन मिनिटं कमी. कुणीही भरभर चाललं नव्हतं.

खिंडीत कोण कुठे

सोंडेवर मागच्या गाईडनं तरुणीत काही खुणा पाहिल्या होत्या. ती बोलायची थांबली होती, अंग डोंगराकडे झुकत होतं, हात पुन्हा पुन्हा गवताला लागत होता, गुडघे ताठ, नजर फक्त बुटांवर. दमलेला माणूस असं करत नाही, तो कमरेवर हात ठेवून वर बघतो. ही खूण उंचीच्या भीतीची. चौघांत विचारलं असतं तर “ठीक आहे” एवढंच उत्तर आलं असतं, म्हणून गाईडनं बाजूला घेऊन विचारलं: “पुढे याच्याहून उघडा साठ मीटरचा तुकडा आहे. तो टाळून दुसरीकडे गेलात तर तुम्हाला वाईट वाटेल की बरं?” तिनं लगेच सांगितलं, बरं.

काकांशी बोलणं लांबलं. मुख्य गाईडनं चढाचा मुद्दाच काढला नाही, कारण तिथे काकांचं बरोबर होतं. ते वर गेले असते. प्रश्न उतरणीचा होता. चढताना मांडीचा स्नायू आखडत भार उचलतो, उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना भार झेलतो. दमल्यावर ही झेल आधी सुटते, आणि मग धक्का गुडघ्यात जातो. खिंडीतल्या सुमारे तीस सेंटिमीटर उंचीच्या दगडावरून काकांना पाच वेळा उतरायला सांगितलं. पहिल्या दोन वेळा नीट. तिसऱ्या वेळी उजवा गुडघा आत वळला, चौथ्या वेळी ते नकळत आडवे होऊन उतरले आणि हात मांडीवर गेला.

“काका, शिखरावरून खिंडीपर्यंत २५० आणि सोंडेचे ३५०, असा ६०० मीटर खडा उतार तुम्हाला या गुडघ्यावर काढायचा आहे, आणि खाली जंगलवाट वेगळीच. आत्ता फिरलात तर सोंड आणि जंगलवाट एवढंच.”

काका गप्प राहिले. मग काकूंनीच विचारलं, डावीकडून काय दिसतं. माणसाला ‘परत फिरा’ सांगण्यापेक्षा ‘तिकडे चला’ सांगणं केव्हाही सोपं, आणि त्यासाठी ‘तिकडे’ आधीच शोधून ठेवलेलं असावं लागतं. टेपाडाची वाट निवडताना हेच डोक्यात होतं.

वाटणी अशी झाली: धावपटू, वडील आणि मुलगी मुख्य गाईडबरोबर धारेवर, काका, काकू, तरुणी आणि फोटोग्राफर दुसऱ्या गाईडबरोबर टेपाडाला. चार आणि चार. एरवी फोटोग्राफर सवयीनं शिखराच्या गटात ढकलले गेले असते, त्यांच्या पायात ताकद होती. पण उजेड त्यांना पूर्वेच्या दरीवर हवा होता, आणि त्यांच्या जाण्यानं धारेवरचा गट एका गाईडला सांभाळता येईल एवढाच राहिला. गाईडविना कुणीही नाही, ही अट. “तुम्ही दोघं अनुभवी आहात, पुढे व्हा” हे वाक्य धावपटूंच्या बाबतीत दोनदा जिभेवर येतं. ते गिळावं.

निरोपाची व्यवस्थाही तिथेच ठरली. वॉकीटॉकीवर ११:१५, ११:४५ आणि १२:१५ ला बोलायचं. टेपाडाचा गट परत येऊन खिंडीत थांबणार नाही, सरळ सोंड उतरायला लागेल, कारण त्यांची उतरण हळू असणार. सगळे भेटणार पठारावर. शिखराचा गट २:१५ पर्यंत पठारावर आला नाही, तर दुसऱ्या गाईडनं आपले चौघे घेऊन खाली जायचं आणि बचाव पथकाला कळवायचं. चौघांना सोडून वर शोधायला जायचं नाही. हे आधी ठरवून ठेवावं लागतं, कारण प्रत्यक्ष वेळी पाय वरच ओढ घेतात.

धारेवरची अकरा मिनिटं

शिखराचा गट १०:३८ ला निघाला आणि ११:३६ ला पोचला. उघड्या टप्प्यावर जाताना चौघंही सहज गेले. वर बारा मिनिटं. पश्चिमेकडे ढगांचे मनोरे वाढायला लागले होते, मेघगर्जना नव्हती. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आली, की उघडी जागा सोडायची आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचं नाही. तोवर थांबण्याची इथे गरजच पडली नाही. ११:४८ ला गट उतरू लागला.

११:४५ चं बोलणं झालंच नाही. आडवी वाट एका सोंडेच्या आडून जाते, आणि या संचांच्या लहरींना मधे डोंगर आला की त्या पोचत नाहीत. वेळ ठरली होती, कुठे उभं राहून बोलायचं ते ठरलं नव्हतं. दुसऱ्या गाईडला हे लक्षात आलं, तो उघड्यावर आल्यावर १२:१५ ला संपर्क झाला.

दरम्यान उघड्या टप्प्यावर, परतीच्या वाटेत, वडील मधोमध अडकले. जाताना नजर वर असते, येताना दरी सतत समोर असते. भीती उतरणीलाच उसळते ती यामुळे. ते दोन्ही हातांनी कातळ कवटाळून उभे राहिले आणि एक पाय थरथरू लागला. मुलगी त्यांच्या पुढे होती. मुख्य गाईडनं आधी तिला आणि एका धावपटूला पलीकडच्या रुंद जागी बसवलं आणि धावपटूला सांगितलं, इथून हलायचं नाही, हिला हलू द्यायचं नाही. ग्राहकाला द्यायचं काम एवढंच असावं, एका जागी बसण्याचं. वडिलांना हात देऊन ओढायला त्याला लावलं असतं तर दोघं धोक्यात आले असते.

मग गाईड वडिलांच्या दरीकडच्या बाजूला, अर्धं पाऊल खाली उभा राहिला. त्यामुळे दरी झाकली गेली. “घाबरू नका” हे शब्द त्यानं वापरले नाहीत. टाचा खाली टेकवायला सांगितलं. चवड्यांवर उभं राहिलं की पोटरी थरथरतेच. तोंड कातळाकडे, तीन ठिकाणी पकड पक्की, चौथा अवयवच हलवायचा. “उजवा पाय इथे,” आणि त्या जागेवर बोटानं टकटक. पुढच्या पायरीपलीकडचं काही बोलायचं नाही. साठ मीटरपैकी उरलेल्या पंचवीस मीटरला अकरा मिनिटं लागली. गट १२:४१ ला खिंडीत आला. एकच्या आत, एकोणीस मिनिटं राखून. १२ ची वेळ ढिली सोडून शिखरावर अर्धा तास काढला असता तर ही एकोणीस मिनिटांची शिल्लक उरली नसती.

सोंड उतरताना

टेपाडाच्या गटानं १२:१८ ला खिंड सोडली. काकांच्या दोन्ही काठ्या चढाच्या मापापेक्षा सात-आठ सेंटिमीटर लांब केल्या. काठी आधी खाली टेकवायची, मग पाऊल. उलट क्रमानं काठी नुसतीच शोभेची राहते. पाऊल आखूड, गुडघा किंचित वाकलेला, उंच पायरीला दुखरा पाय आधी खाली, म्हणजे वाकण्याचं काम चांगल्या पायाला. घसाऱ्यावर सरळ न उतरता नागमोडी. दुसरा गाईड काकांच्या पुढे, एक पायरी खाली. काकू आणि बाकीचे तिरपे मागे, सरळ रेषेत नाही, म्हणजे निसटलेला दगड कुणाच्या अंगावर येत नाही. दर पन्नास मीटर उतारानंतर एक मिनिट उभ्यानं थांबायचं. बसायचं नाही, बसल्यावर गुडघा आखडतो. १ तास २५ मिनिटांत, १:४३ ला ते पठारावर आले. शिखरवाले तीन मिनिटं आधी पोचले होते.

खाली वडील बराच वेळ गप्प होते. मुलगी मात्र बडबडत होती आणि शेंगदाणे खात होती. वर तिनं दोन तास काही खाल्लं नव्हतं, तिच्या सॅकमध्ये खायला काही नव्हतंच. पहिला गडगडाट २:०५ ला, गट जंगलात असताना. ३ वाजता पायथा. ठरवल्यापेक्षा तीस मिनिटं उशिरा. त्यातली पंचवीस तर निघतानाच गेली होती.

काय चुकलं, काय बदलायचं

दिवस निभावला, पण चार गोष्टी नशिबावर सोडलेल्या होत्या. औषधाचं नाव विचारलेलं नव्हतं. दृष्टिभय पहिल्यांदा येणाऱ्या तरुणीत शोधलं, वडिलांत नाही, कारण ते ठाम आवाजात बोलत होते. मुलीची सॅक कुणी उघडून पाहिली नाही. आणि वॉकीटॉकीच्या वेळांना जागा जोडलेल्या नव्हत्या.

पहिल्या दोन गोष्टी फोनवर सुटतात, प्रश्न नीट विचारले तर. ‘फिटनेस कसा आहे’ याचं उत्तर नेहमी ‘चांगला’ येतं. त्याऐवजी: सलग तीन तास शेवटचं कधी चाललात, आणि दुसऱ्या दिवशी काय दुखलं? जिना उतरताना कठडा धरता का? रोज कोणत्या गोळ्या घेता, नावं वाचून दाखवाल का? उंच पुलावरून चालताना कडेनं जाता की मधून? आणि सगळ्यात कामाचा: शिखर झालं नाही तर दिवस वाया गेला असं वाटेल का? या शेवटच्या प्रश्नाला जो थांबून उत्तर देतो, त्याच्याशी खिंडीत काय बोलावं लागणार ते आधीच कळतं. अल्पवयीन मुलांना हे प्रश्न पालक ओळीवर नसताना विचारावेत, अर्थात पालकांना सांगून.

धावपटूंचं समाधान झालं नाही, आणि ते मोकळेपणी बोललेही. दिवसभरात त्यांना हवा तसा चढ मिळाला तो फक्त शेवटच्या धारेवर. त्यांची तक्रार रास्त आहे. ओझं देणं, फेरी पळू देणं या मलमपट्ट्या होत्या. वेगळा उद्देश आणि वेगळी ताकद एका गटात सामावते, पण ज्याचा उद्देशच वेग आहे त्याला या मांडणीत जागा नाही, कारण वेग ही एकच गोष्ट अशी आहे जी वाटून देता येत नाही. फोटोग्राफरला अर्धा तास देता आला, काकांना टेपाड देता आलं. अशा दोघांची नोंदणी पुन्हा आली तर पैसे घेण्याआधी त्यांना कळवायचं: या तारखेचा गट तासाला ४०० मीटर चढेल, सराव हवा असेल तर दोघांसाठी स्वतंत्र गाईड आणि स्वतंत्र दिवस घ्या.